खंडेनवमीचं पाणी

संजीवनी टीचरबद्दल कुणी वाकडं बोललं ना, की माझं डोकं फिरतं. परवा नाक्यावर भाजी घेत होते, तर एक पालकबाई दुसरीला सांगत होती, "ती कंप्यूटरची टीचर? अगं, पूजेच्या नादात सगळे कंप्यूटर जाळले तिने. एवढी शिकलेली, काय उपयोग!" मी हातातला दुधी तिथेच टाकला आणि म्हटलं, "बाई, तुम्ही होतात का तिथे? नव्हतात ना? मग तोंड आवरा." ती पिशवी उचलून चालू लागली. आता रस्त्यात उभं राहून सगळी कथा कुठे सांगत बसणार? ती इथे सांगते. फक्त मधेच टोकू नका, मला सवय नाही.

मी गोदूबाई. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मावशी आहे. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, खिचडीची पातेली घासायची, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला हळद लावायची, आणि वर सगळ्यांवर ओरडायचं. सत्तावीस वर्षं झाली. आम्ही आगरी. बाप मिठागरावर राबला, मी लग्न करून विठ्ठलवाडीला आले, डेपोच्या मागच्या चाळीत. माझ्याबद्दल एवढं पुरे.

संजीवनी टीचर सात वर्षांपूर्वी आल्या. अंगाने काडी, खांद्याला ही एवढी बॅग. पहिल्या दिवशी त्यांनी बॅगेतून डबा काढला तेव्हा आतलं सगळं दिसलं मला. कंगवा नाही, आरसा नाही, तीन स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुना टूथब्रश. मी म्हटलं, "टीचर, दात शाळेत घासता काय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, हे कंप्यूटरचे दात घासायला." मला वाटलं, आली एक येडी.

त्या बदलापूरच्या. वडील हिरामण देशावरून आलेले, अंबरनाथला एका कारखान्यात कामाला होते. टीचर दहावीला असताना कारखान्याला टाळं लागलं. मग वडील एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि दोनच वर्षांत छातीत कळ येऊन गेले. घरात आई रखमाबाई आणि ही. सकाळी कॉलेज, दुपारपासून कॅम्प दोनमध्ये सिंधी शेठ परसराम साईंच्या दुकानात काम. साईंचं दुकान म्हणजे जुन्या कंप्यूटरचं. मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेला माल आणायचा, खोलायचा, जुळवायचा, विकायचा. साईंनी हिला फोन उचलायला ठेवलेलं. ही आठवड्याभरात कारागिरांच्या बाकावर जाऊन बसली. साई म्हणाले, "अरे, ये लडकी का काम नहीं है." तर हिने त्यांचं तीन दिवस बंद पडलेलं मशीन चालू करून दिलं. त्यानंतर साईंनी त्या विषयावर परत तोंड उघडलं नाही.

लग्नाची स्थळं आली, नाही असं नाही. एकाने विचारलं, दुकान सोडणार का? दुसऱ्याने विचारलं, आईला कुठे ठेवणार? दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. रखमाबाई अजून त्यावरून धुसफुसते.

तर आमच्या शाळेत टीचर आल्या तेव्हा कंप्यूटर किती होते? शून्य! सरकारी कागदावर "संगणक शिक्षण", आणि खोलीत मोडकी बाकं. चौथ्या महिन्यात टीचर टेंपो घेऊन आल्या. साईंकडून अकरा मशीन वापरायला मागून आणलेली, सगळी यांच्या हातची जुळवलेली. एकेक डबा पोटाशी धरून आम्ही दोघींनी वरच्या मजल्यावर चढवला. माझी कंबर आठ दिवस धरलेली. मी शिव्या घालत होते आणि चढवत होते.

मशीन आली, पण पोरांना हात लावू देतील तर शपथ. दरवर्षी पहिला महिना सगळा आवारात. चुन्याने चौकोन आखायचे, एका टोकाला चिंच ठेवायची. एक पोर यंत्र व्हायचं आणि बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. दोन पावलं पुढे. डावीकडे वळ. एक पाऊल पुढे. वाक. उचल. यंत्राने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. यंदा पोरांनी मलाच यंत्र केलं. "मावशी, पुढे चल!" निघाले मी. कुणी थांब म्हणेना. कार्टी हसतायत नुसती. मी गेले ती थेट पाण्याच्या टाकीला जाऊन टेकले. टीचर म्हणाल्या, "बघा, मावशींचं चुकलं का? नाही. थांब सांगायचं तुम्ही विसरलात." दुसरीतला कल्पेश धावत येऊन मला "सॉरी यंत्र" म्हणाला. मेला!

मग मशीनवर बसले तेव्हा पोरांना तेच हुकूम पडद्यावर दिसले, मराठीत, रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे. त्याला कोडिंग म्हणतात. पालक यायचे भांडायला. "तिसरीच्या पोरांना कोडिंग कशाला? पाढे येत नाहीत अजून." टीचर शांतपणे त्यांना पोराशेजारी बसवायच्या आणि पोराला सांगायच्या, "आईला दाखव, काल कुठे चुकलेलं आणि तू कसं शोधलंस." आई पडद्याकडे वाकायची. एकदा मी विचारलं, "टीचर, यातून पोरं इंजिनियर होणार का?" त्या म्हणाल्या, "होतील न होतील. चुकलं की रडत न बसता कुठे चुकलं ते शोधतील, एवढं आलं तरी मला बस्स."

तिसरीतल्या जिज्ञासाने पाण्याचा टँकर केला होता. तिच्या चाळीत टँकर येतो, तोच. पडद्यावर टँकर यायचा, हंडे रांगेत उभे राहायचे, एकेक भरायचा. कुणी मधे घुसवला की टँकर बंद आणि आवाज यायचा, "ए, लाईन तोडू नका गं!" तो आवाज माझा. पोरीने गुपचूप फोनमध्ये धरून मशीनमध्ये घातलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दारात उडाले. खोटं नाही सांगत, दिवसातून दोनदा तरी मी तो आवाज ऐकायला वर जायचे.

यंदा श्रावणात संस्थेची मीटिंग झाली. पट कमी होतोय, पोरं इंग्लिश मीडियमला पळतायत, तर संगणकाची खोली दिवाळीपासून इंग्लिश नर्सरीला द्यायची, असं ठरत आलं. टीचर तर मानधनावरच्या. खोली गेली की त्याही गेल्या. मग चिंतामणी सरांनी, आमच्या मुख्याध्यापकांनी, मुंबईच्या एका ट्रस्टला पत्र लिहिलं. ट्रस्टवाले म्हणाले, येऊन बघतो. पोरांचं काम पटलं तर नवीन मशीन देऊ आणि टीचरचं मानधन तीन वर्षं आम्ही भरू. दसऱ्यानंतरचा सोमवार ठरला. संस्था म्हणाली, ठीक, तोवर थांबतो. म्हणजे वर्ग राहणार की जाणार, ते त्या एका सोमवारवर आलं.

आता ऐका. खंडेनवमीच्या सकाळी टीचरनी पोरांना घेऊन पूजा केली. पूजा म्हणजे काय, प्रत्येक मशीनला एक कागद चिकटवला, कागदावर हळदकुंकवाचं बोट, टेबलावर झेंडूचं एक फूल. "पाण्याचा थेंबही नको हं," असं पोरांना बजावलं. मी दारात उभी. मला काही पटेना. धुणं नाही, नारळ नाही, आरती नाही. आमच्याकडे नवमीला बाप कोयता, विळा, मिठाचा फावडा सगळं विहिरीवर नेऊन घासायचा, लखलखीत करायचा, मग पाटावर मांडायचा. म्हणायचा, "हत्यार धुतल्याबिगर पूजा नाय, आन पूजेबिगर हत्यार हाताला यश देत नाय." आणि इथे तर पाच दिवसांवर परीक्षा! अशी कोरडी पूजा करून देव पावणार कसा?

शाळा सुटली. टीचर म्हणाल्या, "मावशी, खोलीला कुलूप घाला." आणि गेल्या.

मी कुलूप घातलं नाही. मी बादली भरली.

की-बोर्ड सगळे नळाखाली धरून घासले. ते पोरांचे उंदीर धुतले, पदराने पुसले. मशीनच्या डब्यांवर ओलं फडकं मारलं. मागच्या जाळीत धूळ होती, तिथे फडकं दाबून दाबून पिळलं. आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडलं. नारळ उंबऱ्यावर फोडला आणि त्याचं पाणी थोडं थोडं सगळ्यांवर. कुंकू चांगलं दाटसर लावलं. मग म्हटलं, देव निजलेला ठेवून आरती करतात होय? मोठं बटण दाबलं, मग एकेकाचं. टीचर दाबतात ते रोज बघते की मी! कापूर पेटवला. तोंडाने म्हटलं, देवा, पोरीचा वर्ग राहू दे.

चट् आवाज झाला. मग चट् चट् चट्. मागून धूर आला, जळका वास आला आणि सगळ्या मजल्याची वीज गेली. मोठं बटण बंद केलं, जिन्याजवळचा पडलेला खटका वर केला, सगळं पुसलं, की-बोर्ड होते तसे ठेवले, कुलूप घातलं आणि घरी आले. नारळाचं खोबरं पिशवीत होतं. सुनेने विचारलं, कसला प्रसाद? मी म्हटलं, शाळेचा. सगळ्यांनी खाल्ला.

कुणाला सांगितलं नाही. दसऱ्याला सोनं वाटत फिरले, पण सोनं घेताना कुणाच्या डोळ्यांत बघवेना.

शुक्रवारी टीचर लवकर आल्या, तयारी करायची म्हणून. मी झाडू घेऊन दारात. त्यांनी बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. मग त्या खाली वाकल्या, एका डब्याच्या मागे बोट फिरवलं, बोटाला बोट लावून बघितलं. चिकट होतं. बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघितलं. मी झाडूकडे बघितलं.

त्या सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, कोरडं फडकं द्या जरा." त्यांनी बॅगेतून टूथब्रश काढला आणि भराभर जाळीतलं कुंकू घासून काढायला लागल्या. मला कळलं नाही एवढी घाई कशाला. चिंतामणी सर जिना चढत होते, म्हणून.

सर आले, बघितलं, कपाळाला हात लावला. "हे काय झालं? कुणी केलं?"

टीचर म्हणाल्या, "सर, नवमीला पूजेत पाणी सांडलं. माझं लक्ष नव्हतं."

सरांनी काय काय सुनावलं ते मी सांगत नाही. टीचर मान खाली घालून ऐकत होत्या. आणि मी? खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. मला निवृत्तीला आठ महिने राहिलेले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीला शेवटी डाग नको, एवढंच माझ्या डोक्यात. त्या पोरीच्या नोकरीला डाग लागत होता, तो मला दिसत होता आणि तरी मी भ्याले. त्याची लाज मला आज वाटते आणि मरेपर्यंत वाटेल.

शनिवार-रविवार टीचर आणि परसराम साई दुकानात बसले. अकरांतली चार मशीन जिवंत झाली. पोरांचं काम टीचरकडे पेनड्राइव्हवर उतरवलेलं होतं, ते वाचलं. सोमवारी सकाळी चार मशीन पुढच्या टेबलावर मांडली आणि सात मेलेली मागे भिंतीला लावून ठेवली. मी म्हटलं, "टीचर, ती मागची झाकून ठेवूया ना चादरीने." त्या म्हणाल्या, "नको. विचारलं तर सांगू."

ट्रस्टच्या एक बाई आणि एक साहेब आले. काय सांगू तुम्हाला, पोरांनी काय केलं! चार मशीनवर चोवीस पोरं, पण धक्काबुक्की नाही. कल्पेशची पडद्यावरची मांजर अडखळली तर त्याने त्या बाईंनाच सांगितलं, "थांबा, माझं एक वळण चुकलंय," आणि शोधून काढलं. भाविका चौथीतली, कधी तोंडातून शब्द काढत नाही, तिने साहेबांना प्रश्न विचारणारा पोपट दाखवला आणि साहेब दोनदा हरले. जिज्ञासाचा टँकर आला. बाईंनी मुद्दाम हंडा मधे घुसवला. माझा आवाज खणखणला आणि सगळी खोली हसली. बाई म्हणाल्या, "हा आवाज कुणाचा?" पोरांनी माझ्याकडे बोट केलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

बाई खूश होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. साहेबांनी काहीतरी लिहूनही घेतलं. मग बाई मागे वळल्या. "आणि ती सात यंत्रं?"

चिंतामणी सर घसा खाकरून म्हणाले, "दसऱ्याच्या पूजेत पाणी गेलं. टीचरकडून."

बाईंनी टीचरना विचारलं, "तुमच्याकडून? विजेच्या बोर्डाजवळ पाणी? लहान मुलांच्या खोलीत?"

टीचर म्हणाल्या, "हो."

मी चार पावलांवर होते. ट्रेमध्ये सहा कप. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, बस्स. "बाई, मी केलं." तीन शब्द. सत्तावीस वर्षं ज्या तोंडाने सगळ्या शाळेवर ओरडले, त्या तोंडाची दातखीळ बसली. टीचरनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "मुलांचं काम फार सुंदर आहे. पण मुलांची सुरक्षा ज्यांच्या हाती द्यायची, त्यांच्याबद्दल आम्हाला खात्री लागते." मी चहा दिला. त्यांनी घेतला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी टीचरनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. पोरांना सांगितलं, सुट्टीत चुन्याचे चौकोन आखून खेळा. पोरांना वाटलं, सुट्टीनंतर भेटणारच आहेत. मशीन परत साईंच्या टेंपोत गेली. खोलीच्या भिंतींवर आता ससे आणि फुगे काढलेत.

भाऊबीज झाली आणि माझ्याने राहवेना. फराळाचा डबा घेऊन बदलापूरला गेले. तिसरा मजला, दाराला साधं तोरण. रखमाबाईने आत घेतलं. टीचर घरात होत्या. अंबरनाथला एका कंपनीत टायपिंगचं काम लागलंय म्हणाल्या. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच म्हटलं, "टीचर, ते मी केलं. मी धुतली मशीन. मी नारळ फोडला. तुमचा वर्ग राहावा म्हणून केलं हो!" आणि मला रडू कोसळलं.

टीचर म्हणाल्या, "मला शुक्रवारीच कळलं होतं, मावशी."

"मग बोलला का नाहीत?"

"सरांनी तुम्हाला घरी बसवलं असतं. मला दुसरं काम मिळतं. तुम्हाला या वयात कोण देणार?"

मी डोळे पुसले. मला वाटलं झालं, मन मोकळं झालं, पोरीने माफ केलं. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "पण सोमवारी तुम्ही ट्रे घेऊन उभ्या होतात ना, तेव्हा मी वाट बघत होते."

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला, मी प्यायले, चव कळली नाही. रखमाबाई निघताना "परत या" म्हणाली नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

सुट्टीनंतर शाळा भरली. परिपाठ सुरू झाला. प्रार्थना झाली, पोरं रांगेत उभी, शिक्षक पुढे. मी कुणाला विचारलं नाही. पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "पोरांनो, कंप्यूटर संजीवनी टीचरनी बिघडवले नाहीत. मी बिघडवले. मी पाण्याने धुतले. टीचरनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं आणि मी गप्प बसले." चिंतामणी सरांचा चेहरा पांढरा झाला. ते माझा दंड धरून बाजूला नेत म्हणाले, "गोदूबाई, हे इथे बोलायचं असतं का?" मी म्हटलं, "सर, जिथे बोलायचं होतं तिथे नाही बोलले, म्हणून इथे बोलतेय. काय मेमो द्यायचा तो द्या." सरांनी त्याच दिवशी ट्रस्टला फोन केला, हे त्यांचं मोठेपण. पण ट्रस्टने तोवर दुसरी शाळा घेतली होती.

मेमो मिळाला. मी सही केली. त्याचं काही नाही.

परिपाठ संपून रांगा वर्गात चालल्या, तेव्हा जिज्ञासा रांग सोडून माझ्याकडे आली. पोरीचा चेहरा फुललेला. म्हणाली, "मावशी, म्हणजे टीचरची चूक नव्हतीच ना?"

मी म्हटलं, "नव्हती गं."

"मग आता कळलं ना सगळ्यांना. मग टीचर उद्यापासून येणार?"

ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मला तिला सांगावं लागलं.

"नाही येणार, बाळा," मी म्हटलं. "मला बोलायला उशीर झाला."